जन्मभराचं तेल

काकांच्या गाडीला गियर आहेत की नाहीत, यावर आमच्या सोसायटीत दोन तट आहेत. बी विंगचं म्हणणं, नाहीत. डाव्या पायाला कामच नाही तर गियर कुठून येणार? ए विंगमधले आप्पा विठ्ठलवाडी आगारातून चालक म्हणून निवृत्त झालेले. मुरबाडमार्गे माळशेज चढवण्यात आणि उतरवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांचं मत असं की गियर असतीलही, पण जे माणसाला न विचारता पडतात त्यांना गियर म्हणावं का, हे आधी ठरवा.

गाडी २०१० सालची, पाटी एमएच ०५. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर पुढे जे घडलं त्यात कंपनीचा दोष नाही, आणि दुसरं म्हणजे काका कधीमधी ती विकायची भाषा करतात. त्या काळी ऑटोमॅटिक गाडी घेणारा माणूस आमच्याकडे संशयानं पाहिला जायचा. ‘अ‍ॅव्हरेज देत नाही’ हे एकच वाक्य तिला ओवाळून टाकायला पुरेसं होतं. पण काकांची सगळी नोकरी विठ्ठलवाडी ते व्हीटी उभ्यानं झाली होती, डाव्या गुडघ्यानं निवृत्तीआधीच राजीनामा दिला होता, आणि क्लच दाबायला दुसरा पाय उपलब्ध नव्हता.

इतकी वर्षं गाडीनं मुकाट काम केलं. मग ती बोलायला लागली. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना झटका बसायचा. सकाळी गाडी ‘पी’वरून ‘आर’मध्ये टाकली की खालून ‘धप्प’ असा आवाज यायचा, आणि वॉचमन झोपेतून उठून गेट उघडायचा. काकूंच्या मांडीवरची भाजीची पिशवी डॅशबोर्डाकडे सरकायची. पुढे पुढे काकू सरावल्या. चक्की नाक्याचा सिग्नल सुटला की त्या न बघता पिशवी धरायच्या, आणि बरोब्बर तेव्हाच दुसरा पडायचा. काकांना स्टिअरिंग धरून जे कळत नव्हतं ते काकूंना मेथीच्या जुडीवरून कळायचं.

सोसायटीत रोगनिदान झालं. एकानं सांगितलं, महागातलं पेट्रोल टाका. एकानं, बॅटरी. इंजिनाच्या माऊंटिंगचा रबर गेला असेल, असं एक जण म्हणाला. त्या संध्याकाळी बोललेल्यांत शहाणा तेवढाच एक, त्यामुळे त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आप्पा म्हणाले, ‘‘विका.’’ मतं अनेक, पण एका मुद्द्यावर अख्खी सोसायटी एक झाली. गॅलरीतून कान देणारेसुद्धा. काहीही करा, पण गियरबॉक्सच्या तेलाला हात लावू नका. ऑटोमॅटिकचं जुनं तेल बदललं की गियरबॉक्स जातो.

पुरावा होता. उल्हासनगरच्या एकानं बदललं, आठ दिवसांत गाडी बसली. मी उल्हासनगरला एका ओळखीच्याला विचारलं. तो म्हणाला, हो, झालं होतं तसं, पण तो माणूस अंबरनाथचा. अंबरनाथला कळलं, बदलापूरचा. तेल बदलून गियरबॉक्स गमावलेला हा इसम सांगणाऱ्याच्या नेहमी एक स्टेशन पुढे राहतो. चिकाटीनं शोधलं असतं तर कर्जतला लोकल संपते तिथे प्लॅटफॉर्मवर तो मला भेटला असता, आणि त्यानं खोपोलीकडे बोट दाखवलं असतं.

या अफवेत तथ्याचा एक कण आहे, म्हणून ती मरत नाही. गियरबॉक्सच्या आत क्लच प्लेटांच्या चळती असतात आणि त्यांच्यावर घर्षणाचा पातळ थर. तेल दाबानं आत शिरतं, प्लेटा एकमेकींवर आवळतं, आणि गियर पडतो. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं की तो थर झिजून भुकटी होतो. प्लेटा आधीच घसरत असल्या, इंजिन ओरडतंय आणि गाडी जागेवरच, अशी गत झाली असली, तर नवं तेल तो थर परत आणून देत नाही. गाडी तेल बदलूनही जाते आणि न बदलूनही जातेच. फक्त बदलल्यानंतर गेली की नाव तेलाचं होतं. घरी चार महिने अंगावर काढून शेवटच्या रात्री दवाखान्यात नेलेल्या माणसाबद्दल आपण म्हणतोच ना, ‘चांगले बोलत होते हो, डॉक्टरनं सुई दिली आणि गेले.’ काकांची गाडी घसरत नव्हती, नुसती आदळत होती. म्हणजे आशा होती.

काकांचा स्वतःचा आधार वेगळा होता. शोरूममधल्या मुलानं २०१० मध्ये त्यांना सांगितलं होतं, ‘‘सर, हे तेल लाइफटाइम आहे.’’ काका बँकेत होते. ‘लाइफटाइम’ म्हटल्यावर त्यांनी विचारायला हवं होतं की कोणाचा, आणि नॉमिनी कोण. झेडएफ ही जर्मन कंपनी जगातल्या बड्या बड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गियरबॉक्स पुरवते. त्यांतल्या कित्येक गाड्यांच्या विक्रेत्यांनी तेल जन्मभराचं म्हणून सांगितलेलं असतं, आणि झेडएफ स्वतः मात्र सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की बदला. याचा एकच अर्थ निघतो. तेल जन्मभर टिकतं. ते बदललं नाही तर जन्मच त्या मानानं आखूड होतो.

मग काकूंनी कपाटातून, लग्नपत्रिकांच्या खालून, गाडीचं पुस्तक काढलं. त्यात देखभालीचे दोन तक्ते होते, साध्या वापराचा आणि खडतर वापराचा. साध्या वापरात गियरबॉक्सच्या तेलापुढे काहीच करायला सांगितलेलं नव्हतं. खडतर वापराची व्याख्या मात्र काकांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली. सतत थांबत-निघत चालणं. कमी अंतराच्या फेऱ्या. धुळीचे, खराब रस्ते. ३२ अंशांच्या वर तापमान असताना दाट रहदारी. काका थांबले. ‘‘हा लेखक कल्याण पूर्वेत भाड्यानं राहून गेलाय,’’ म्हणाले.

खरंच, या गाडीचा साध्या वापराशी कधी संबंधच आला नव्हता. पुना लिंक रोडवर तिची बहुतेक हयात रिक्षाच्या मागे गेली. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, रिक्षावाल्याचा पाय बाहेर आला की ब्रेक. तिसरा गियर तिला सणासुदीला मिळायचा, चौथा पुण्याला गेल्यावर. त्यात २०१८ च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांच्या वेळचा पत्रीपूल पाडला आणि नवा खुला व्हायला २०२१ चा जानेवारी उजाडला. त्या सव्वादोन वर्षांत काकांची लेक पुलापलीकडे राहायची. नातू त्या काळात चालायला शिकला. आजोबांची गाडी पोहोचेपर्यंत तो दारापर्यंत येऊन, कंटाळून परत जायचा. आता पूल आहे, तर कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोचं काम आहे.

अशा रांगेत गाडी उभी असते तेव्हा गियरबॉक्स उभा नसतो. इंजिन आणि गियर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचं भांडं असतं. त्यात इंजिनाकडचं पात्यांचं चक्र तेल फेकतं आणि त्या धारेनं समोरचं चक्र फिरतं. ब्रेक दाबून ‘डी’मध्ये उभं राहिलं की समोरचं चक्र अडलेलं, अलीकडचं फिरतंय, आणि मध्ये तेल नुसतं घुसळतंय. जोर रस्त्याला मिळत नाही, तो उष्णता होऊन तेलात मुरतो. ठरल्या तापमानाच्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. बरं, या एका तेलानं करायचं किती? ताकद पोहोचवायची, वंगण द्यायचं, उष्णता वाहून न्यायची, झडपा हलवायच्या, आणि प्लेटा धरताना किती घट्ट नि किती मऊ धरायचं हेही सांभाळायचं. म्हातारं झालं की ही शेवटची कला ते पहिल्यांदा विसरतं. प्लेटा हळूच धरण्याऐवजी खाड्कन धरल्या जातात आणि पुढे मेथी सरकते.

हे सगळं काकांना पटवताना मी जरा इतिहासात शिरलो आणि घोटाळा करून ठेवला. जनरल मोटर्सनं ‘हायड्रा-मॅटिक’ नावाचा गियरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत दिला. महायुद्धात तोच अमेरिकन रणगाड्यांत बसवला. आप्पांना रणगाडा आवडला. ऑटोमॅटिकबद्दलचं त्यांचं मत तिथं क्षणभर डळमळलं. पुढे, ज्या १९४९ साली आमच्या शेजारच्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं, त्याच साली जनरल मोटर्सनं अशा तेलाचं पहिलं प्रमाण ठरवलं, ‘टाइप ए’. इथपर्यंत ठीक होतं. पण मी म्हणून गेलो की घर्षण नेमकं राखायला त्या तेलात पूर्वी स्पर्म व्हेलचं, म्हणजे देवमाशाचं तेल घालत.

काका माळकरी आहेत. आषाढीला अजून पंढरपूरला जातात, आणि याच गाडीनं.

‘‘मासा?’’ काका म्हणाले.

मी घाईनं सांगितलं की प्राणिशास्त्राप्रमाणे तो मासा नव्हे, सस्तन प्राणी. त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. काकू आत जाऊन गाडीच्या किल्लीकडे बघून आल्या. मग मी उरलेली गोष्ट सांगितली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं देवमाशाच्या तेलावर बंदी घातली, त्यानंतर तिथं गियरबॉक्स बिघडायचं प्रमाण वाढलं, मग रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले, आणि होहोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांचं तेल तसंच निघालं म्हणून त्याचा फार बोलबाला झाला. आताच्या डब्यात मासा नाही, खनिज तेल आणि कारखान्यातली रसायनं. ‘‘झुडूप चालेल,’’ काका म्हणाले. काकूंनी तरी विचारलंच, ‘‘मग एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी बदलूया का?’’ तसंच ठरलं.

तेल आणायला उल्हासनगर. विठ्ठलवाडीच्या माणसाला स्टेशनच्या एका अंगाला कल्याण पूर्व आणि दुसऱ्या अंगाला उल्हासनगर, त्यामुळे खरेदीच्या बाबतीत आम्ही कधी पोरके झालो नाही. तिथल्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या वडिलांच्या पिढीनं झिजवून संपवला, तरीही काकांनी दुकानात शिरताच डब्याचं सील, झाकणावरची रेघ आणि छपाईतली अक्षरं अशी पारखली, जणू समोर कर्जाचा अर्ज ठेवलाय. दुकानदार सिंधी, वयानं काकांएवढाच, मराठी फर्डी.

‘‘काका, ऑटोमॅटिक म्हणजे कुठली? टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, का एएमटी?’’

‘‘साईं, ऑटोमॅटिक.’’

‘‘अहो, ते तर मला पण कळलं.’’

त्यानं जे सांगितलं ते शोरूमच्या पोरानं सांगायला हवं होतं. ऑटोमॅटिक या एका पाटीखाली आज तीन-चार निरनिराळ्या जाती नांदतात. काकांची जुनी, टॉर्क कन्व्हर्टरवाली. सीव्हीटीत गियरच नसतात, पट्टा आणि कप्प्या असतात, आणि तिचं तेल वेगळं. तिच्यात हे घातलं तर पट्टा घसरेल. दोन क्लचवाल्या डीसीटीचं आणखी वेगळं. आणि २०१४ च्या सेलेरिओपासून जी एएमटी गल्लोगल्ली झाली तिच्यात तर साधाच गियरबॉक्स असतो, साधंच गियर ऑइल. फक्त क्लच दाबायला नि गियर टाकायला माणसाऐवजी यंत्राचा हात. शिवाय टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांतसुद्धा प्रत्येक कंपनीचं प्रमाण निराळं. ‘‘लाल आहे म्हणून घालू नका,’’ तो म्हणाला. ‘‘लाल रंग फक्त इंजिन ऑइलपेक्षा वेगळं ओळखू यावं म्हणून. पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा.’’ काकांनी खिशातून पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स काढली. दुकानदारानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे आदरानं पाहिलं.

गॅरेजवाल्या मिस्त्रीनं आधी तेलाला हातच लावला नाही. बॉनेट उघडून, ब्रेक दाबायला लावून, ‘डी’-‘आर’-‘डी’ करायला सांगितलं आणि इंजिन किती उसळतंय ते पाहिलं. एक माऊंटिंग खरंच गेलं होतं. ‘धप्प’मधला निम्मा आवाज त्याचाच होता. तिकडे सोसायटीत तो एकटा शहाणा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ठरला आणि त्याला ते कळलंही नाही. तो ऑफिसला गेला होता.

माऊंटिंग बदलून झालं. मग गाडी थोडी फिरवून तेल कोमट केलं, जॅक लावला, खाली घोड्या दिल्या आणि मागच्या चाकांना विटा लावल्या. पाच-दहा मिनिटांत भोवती माणसं जमली. वीट खाली, आणि सगळे कमरेवर हात ठेवून उभे; विठ्ठलवाडी हे नाव कसं पडलं असेल याबद्दल त्या वेळी माझ्या मनात शंका उरली नाही. मिस्त्रीनं खालचा नट सोडला. आलेलं तेल लाल नव्हतं. पार काळंही नव्हतं, कडक उकळलेल्या कोऱ्या चहाचा रंग. काकांनी बोट बुडवून वास घेतला. जळका वास अगदी नाकात भरणारा असला तर प्लेटा भाजल्या समजायचं. हा वास जुना होता, जळका नव्हता. नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ थर जमला होता. मिस्त्रीनं तो दोन बोटांत चोळला. चुरा बारीक असला तर वयाची झीज. टोचणारे कपचे निघाले असते तर त्यानं नट परत लावून काकांना घरी पाठवलं असतं. त्यानं बोटं पुसली आणि म्हणाला, ‘‘चालेल, काका. अजून बरीच वारी करेल.’’

पुढचा भाग कंटाळवाणा आहे, आणि नेमका तिथंच लोक चुकतात. निघालेलं तेल मोजायचं. जेवढं निघालं तेवढंच भरायचं, डिपस्टिकच्याच नळीतून, लांब तोटीच्या नरसाळ्यानं. जास्त झालं तर फेस होतो, फेसात हवा असते, हवा दाबता येते, आणि झडपांना दाबानं काम करायचं असतं. नटाला वायसर नवा. डिपस्टिक पुसायला मिस्त्रीनं सवयीनं कॉटन वेस्टचा बोळा उचलला. एवढ्याशा धाग्यानंही आतली बारीक झडप अडकू शकते, म्हणून काकांनी आपला इस्त्रीचा रुमाल पुढे केला. काकूंनी जो दृष्टिक्षेप टाकला त्यात त्या रुमालाचं भवितव्य ठरलं. मग इंजिन चालू, पाय ब्रेकवर, दांडा ‘पी’पासून खालपर्यंत प्रत्येक खणात दोन क्षण थांबवत नेला आणि परत आणला, म्हणजे तेल सगळ्या वाटांनी खेळतं. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, तेल चांगलं तापल्यावर, ‘हॉट’च्या खुणेत. इंजिन ऑइलची बघतात बंद करून. हा उलटा नियम आप्पांना तिथल्या तिथे खटकला.

सगळ्यांत मोठा धक्का काकांना पुढे बसला. पोटात साधारण सहा लिटर तेल, आणि नटातून निघालं निम्म्याच्या आसपास. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये अडकून राहतं, ते नुसत्या नटानं येत नाही. ‘‘म्हणजे नव्यात जुनं मिसळलं?’’ मिस्त्री म्हणाला, काही शे किलोमीटर चालवा, पुन्हा अर्धं काढू, पुन्हा एकदा काढू. काकांनी तिथल्या तिथे रिड्यूसिंग बॅलन्सनं हिशेब मांडला: पहिल्या खेपेला निम्मं नवं, दुसऱ्या खेपेला पाऊण, तिसऱ्या खेपेला साडेसत्त्याऐंशी टक्के. ‘‘शंभर टक्के कधीच होणार नाही,’’ ते समाधानानं म्हणाले. थकीत कर्जांच्या वसुलीतही असंच होतं म्हणे. मशीन लावून एका दमात सगळं तेल ढकलून काढायची पद्धतही असते. पण जुन्या गाडीत अशी हळूहळू, खेपेखेपेनं केलेली बदली बरी, असं मिस्त्रीचं मत पडलं. जमलेल्यांतल्या अर्ध्यांनी ते लगेच आपलं म्हणून पुढच्या नाक्यावर नेलं.

काढलेल्या तेलाला गिऱ्हाइकं होती. एकाला पलंगाच्या पायांना वाळवीसाठी हवं होतं, एकाला बांधकामावर शटरिंगच्या फळ्यांना. मिस्त्रीनं ते जुन्या तेलाच्या पिंपात ओतलं. ते उचलून नेणारा ठरलेला माणूस येतो. गटारात सोडलं असतं तर वालधुनीत गेलं असतं. जीन्सच्या कारखान्यांनी एके काळी त्या नदीला निळं करून दाखवलं होतं. तिचा कोरा चहा करायचा मान विठ्ठलवाडीनं घेऊ नये, एवढंच काकांचं म्हणणं.

पहिल्या खेपेनंतर झटका कमी झाला, दुसऱ्या खेपेनंतर शोधावा लागायचा. सकाळी गार गाडीत अजून एकदा कुरकुरते, मग विसरते. तीनही खेपांचं तेल, माऊंटिंग नि मजुरी धरून जे बिल झालं त्यात गियरबॉक्स नुसता खाली उतरवूनसुद्धा झाला नसता. गाडीला पंधरा वर्षं झाल्यामुळे आता आरटीओत पुन्हा नोंदणी आहे. ती फी २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली, शिवाय पर्यावरण कर. तरी काका विकायची नुसती भाषा करतात, विकत नाहीत. काकूंची सवय मात्र मोडली नाही. चक्की नाक्याला सिग्नल सुटला की त्या पिशवी धरतात, आणि काही न होता गाडी दुसऱ्यात गेली की काकांकडे रागानं बघतात. आप्पांनी एक चक्कर मारली नि निकाल दिला, ‘‘बरी झाली. पण एवढं मऊ वाहन बरं नव्हे, डुलकी लागते.’’

बातमी पसरायला वेळ लागला नाही. परवा सी विंगमधले एक गृहस्थ काकांकडे आले. त्यांची गाडी दोन वर्षांची, एएमटी, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मान हलवते. त्यांना ते लाल तेल हवं होतं, निदान दोन डबे. काकांनी त्यांना बसवून, चहा देऊन, सगळं सांगितलं: तुमच्या गाडीत हे तेल जातच नाही, तुमचा गियरबॉक्स साधाच आहे, यंत्राचा हात क्लच सोडतो तेव्हा मान हलणारच, गियर पडायच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडला तर कमी हलेल. गृहस्थांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

‘‘सांगायचं नसेल तर नका सांगू, काका,’’ ते म्हणाले, आणि खाली जाऊन वॉचमनकडून उल्हासनगरच्या दुकानाचा पत्ता घेऊन गेले.